कोरडी सुई

अण्णा, दादा निवडणूक जिंकला. वर्गाचा मॉनिटर व्हायलाही जो कधी उभा राहिला नाही, तो साठीला टेकल्यावर अमेरिकेत, त्याच्या गावच्या शाळा मंडळावर निवडून आला, तोही घरापुढच्या हिरवळीत स्वतःच्या नावाची पाटी रोवून. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा ही बातमी मलाच द्यायला हवी. आनंदाची म्हणून देत नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पेढे आणायला निघाल. त्या मंडळाने नुकताच ठराव केला, की शाळेत नर्स येऊन मुलांना लस टोचते ते यापुढे बंद. तिकडे गोवर पुन्हा डोकं वर काढतोय, तरी बंद. ठराव दादाने मांडला. मांडताना तो तुमच्याबद्दल बोलला, आणि जे बोलला ते मी त्याला पुरवलेलं होतं. म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तुमच्यामागे जगात एक साथ आली. तुमच्या देवीसारखी अंगावर फोड उठवणारी नव्हे, श्वास कोंडणारी. दादाने तोवर नोकरी सोडून लग्नसमारंभांचा हॉल घेतला होता. लाल मखमली खुर्च्या, छताला झुंबरं, आपल्या लोकांची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं. फोनवर मला खुर्च्यांचे फोटो पाठवायचा. साथ आली आणि सरकारी हुकमाने हॉलला कुलूप लागलं. रस्त्याच्या पलीकडचं भलंमोठं दुकान मात्र चालू होतं, कारण तिथे भाजीपाला मिळायचा. भाजीपाल्याबरोबर टीव्ही, गाद्या, बागेतल्या खुर्च्याही मिळायच्या. दादा बंद हॉलच्या काचेआडून तिथल्या भरलेल्या गाड्या बघत बसायचा. मदतीचे पैसे आले ते आधी मोठ्यांकडे गेले. भांडी घासणाऱ्या, फुलं लावणाऱ्या माणसांना त्याने एकेक करून घरी पाठवलं. मग ती माणसं फुकट धान्याच्या खोक्यांसाठी गाड्यांच्या रांगेत दिसायला लागली, आणि एक दिवस त्याच रांगेत टोपी खाली ओढून दादाही होता. हे त्याने मला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. खुर्च्या लिलावात गेल्या.

त्या रिकाम्या हॉलमध्ये मग टाळेबंदी नको, लस नको म्हणणारे काही लोक सभा घ्यायला आले. भाडं देऊन, मास्क न लावता. त्यांनी दादाला विचारलं, तुझं काय झालं ते सांग. त्याने सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा, मला त्याचा राग येतो, पण हे एवढं मला समजतं. त्याआधी त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी इथे सिंगापूरला, बुकित बातोकला. नवरा जहाजावर होता, बंदरं बंद झाल्याने कितीतरी महिने उतरूच शकला नाही. लेक आणि मी फ्लॅटमध्ये. आमच्याकडे सगळं शिस्तीत. कोण कोणाजवळ आलं याची नोंद ठेवणारं टोकन गळ्यात अडकवायचं, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरच्या तोंडाशी ते दाखवायचं, कम्युनिटी क्लबात लस घ्यायला रांगेत उभं राहायचं. मी रांगेत उभी राहिले आणि बाही वर केली, तेव्हा तुमची आठवण आली, आणि खरं सांगते, अभिमान वाटला. संध्याकाळी दादाला फोनवर तसं म्हणाले.

"तुमच्याकडे काय," तो म्हणाला, "सरकारने उभं राहा म्हटलं की उभं, बसा म्हटलं की बसा."

"आणि तुमच्याकडे उभं राहा म्हटलं की आडवे होता," मी म्हणाले.

"तुमच्याकडे ते बांधकामावरचे मजूर किती महिने कोंडलेत गं डॉर्मिटरीत? त्यांना विचारलं का कोणी, उभं राहायचंय की बसायचंय?"

बसमधून जाताना ती इमारत दिसायची. कठड्यावर वाळत घातलेले कपडे आणि कपड्यांमधून रस्त्याकडे बघणारी माणसं. पण हरायचं नाही हा आपल्या घरातला रोग, त्यामुळे मी तोंडाला येईल ते बोलले, तोही बोलला, आणि मग आम्ही बोलायचे थांबलो. लेक म्हणाली, "आई, लीव्ह इट लाह. मामा इज जस्ट सॅड." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हे असं येतं. मी तिलाही गप्प बसवलं.

आता तुमच्याकडे वळते. साक्रीच्या बाजूची ती गावं. तुमची सायकल, मागच्या कॅरियरला खाकी पिशवी, पुढच्या दांडीवर दादा. सुट्टी असली की मला मागे पिशवीच्या जागी बसवून पिशवी माझ्या मांडीवर. लोक तुम्हाला देवी डॉक्टर म्हणायचे, तुम्ही डॉक्टर नव्हतात, देवीची लस टोचणारे होतात, आणि ते तुम्ही दर वेळी सांगायचात. गावात शिरलं की बायका पोरांना कडेवर घेऊन आत पळायच्या, दारं लागायची. देवीचा कोप व्हायचा तो होईल, तुमच्या सुईने आणखी कशाला ओढवून घ्यायचा, असं म्हातारे तोंडावर बोलायचे. मग तुम्ही पारावर उभे राहून दादाला पुढे घ्यायचात, त्याची बाही वर करायचात आणि मोठ्याने म्हणायचात, "आधी माझा मुलगा." त्याच्या दंडावर सुई टेकायची. दादा डोळे मिटायचा. थोड्या वेळाने एक दार उघडायचं, मग दुसरं.

मला वाटायचं, जगात याहून मोठं काही नाही. एका गावात दादा रडायला लागला, हात सोडवून तुमच्या सायकलीमागे लपला. मी पुढे झाले. फ्रॉकची बाही वर करून म्हणाले, अण्णा, माझा घ्या. पाच-सहा वर्षांची असेन. तुम्ही मला बाजूला केलंत आणि हळू आवाजात रागावलात, "मुलीचा हात पुढे केला तर लोक म्हणतील, हिचं काय, हिला काही झालं तरी चालतंय याला. मुलगाच लागतो." आणि दादाला सायकलीमागून ओढून आणलंत. तुमचं बरोबर होतं, अण्णा. लोक तसंच म्हणाले असते. तरी ते वाक्य माझ्या अंगात अजून कुठेतरी आहे, सुईसारखंच.

परत निघताना तुम्ही दादाला लिमलेटची गोळी द्यायचात. एकच. तो शर्टाच्या टोकात गुंडाळून ती चिमणीच्या दातांनी फोडायचा आणि मोठा तुकडा मला द्यायचा. दर वेळी मोठा. आज टाळ्या घेणाऱ्या त्या माणसाला मी ओळखते ते एवढ्यावरून.

घरी आईला कळायचंच. ती तव्यावरची भाकरी उलटताना मान वर न करता म्हणायची, "पोराचा दंड म्हणजे काय चावडीची भिंत आहे, येता जाता सरकारी कागद चिकटवायला?" तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. पाटावर बसता बसता म्हणालात, "दाखवायला माझ्याकडे दुसरं आहे काय?" आईने भाकरी उतरवून तुमच्या ताटात टाकली. दादा भिंतीला टेकून बसला होता, दंड दुसऱ्या हाताने धरून. त्याला काय वाटतं हे त्या स्वयंपाकघरात आपल्यापैकी कोणीही विचारलं नाही.

आणि मग नाशिकचं हॉस्पिटल. दादाचं विमान अजून यायचं होतं, तुमच्याजवळ मी एकटीच होते. तेव्हा तुम्ही मला सांगितलंत, की पारावर दादाला लावायचात ती सुई कोरडी असायची. खरी लस त्याला तुम्ही कधीच दिली होती, हे बाकीचं नुसतं लोकांना दाखवायला. दादा पोचला तेव्हा तुम्ही गेला होतात. नंतर माणसांच्या गर्दीत, दहाव्या-तेराव्यात सांगायचं राहिलं, आणि मग ते माझ्याकडेच राहिलं.

गेल्या महिन्यात इतक्या दिवसांनी त्याचा फोन आला. सकाळची वेळ, मी पोह्यांना कांदा चिरत होते. आवाज मऊ होता.

"मंडळापुढे बोलायचंय गं, लशींच्या ठरावावर. अण्णा मला गावोगाव पुढे करायचे, ते आठवतं ना तुला? कोणी म्हणालं मी रचून सांगतोय, तर तू सांगशील?"

"सांगेन. आठवतं मला."

"किती वेळा टोचलं असेल? थंडीत अजून दंड धरतो. काय काय घातलं असेल माझ्या अंगात, देव जाणे."

साठीचा माणूस, आणि आवाज सायकलीमागे लपलेल्या पोराचा. मला राहवलं नाही.

"दादा, ती सुई कोरडी असायची. अण्णांनी जाताना मला सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे काहीच नसायचं तिच्यात?"

"काही नाही. नुसतं टेकवायचे."

"आणि मी रात्र रात्र जागायचो," तो म्हणाला. "सकाळी अंगावर फोड दिसतील म्हणून चादरीत दंड चाचपत बसायचो. तू आत्ता सांगतेस?"

"तू आत्ता विचारलंस."

तो रडला, अण्णा. हुंदके देऊन. मीही रडले. मला वाटलं, सुटला एकदाचा. आता हा त्या ठरावाच्या नादाला लागायचा नाही, मनातला काटाच निघाला तर भांडेल कशाला. फोन ठेवल्यावर मी लेकीला उठवून सांगितलं, की मामा आणि मी पुन्हा बोलायला लागलो. पोह्यांवर दोघींना पुरेल त्याहून जास्त खोबरं घातलं.

पुढच्या आठवड्यात त्या सभेची चित्रफीत आली. शाळेचं सभागृह, दुमडत्या खुर्च्या, मागे झेंडा. दादाने कोट घातलेला. पडद्यावर तुमचा फोटो, तो सायकलीजवळचा, खाकी पिशवीसह. वहिनीच्या अल्बममधून काढला असणार. दादा इंग्रजीत म्हणाला, माझे वडील सरकारी माणूस होते, आणि लोकांना पटावं म्हणून ते स्वतःच्या मुलाचा हात पुढे करायचे. मग म्हणाला, आता मला कळलंय की ती सुई कोरडी होती. सरकार हेच करतं, स्वतःच्या मुलांवर नाटक करतं आणि तुमच्या मुलांना खरं टोचतं. लोक उभे राहिले. चित्रफितीखाली कोणीतरी तुम्हाला ठग लिहिलं होतं, कोणीतरी त्याहून वाईट. ठराव मंजूर झाला. त्या गावातल्या ज्या पोरांच्या आया दोन-दोन नोकऱ्या करतात आणि ज्यांना शाळेच्या नर्सशिवाय दुसरा डॉक्टर परवडत नाही, त्यांची मला काळजी लागून राहिली आहे. मला त्यांची तोंडं माहीत नाहीत. तुम्हाला तरी साक्रीच्या पोरांची कुठे माहीत होती, पण तुम्ही गेलात ना उन्हातान्हात.

तुमच्यावर चिडले आहे. दारं उघडली, पोरं वाचली, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण ज्याच्या जिवावर उघडली त्याला एकदा जवळ घेऊन सांगायचंत, भिऊ नकोस म्हणून. एवढंच बोलायचं होतं. तुम्ही बोलला नाहीत, आणि आता तो भरसभेत बोलतोय.

त्या भाषणात मध्येच तो मराठीत बोलतो. "आधी माझा मुलगा." ते शब्द तिथे कोणालाच कळलेले नसणार. आवाज हुबेहूब तुमचा, 'आधी'वरचा तो जोरसुद्धा. मी तेवढंच मागे नेऊन ऐकते, टाळ्या सुरू व्हायच्या आत बंद करते.

काल त्याचा निरोप आला. "अण्णांना वाईट वाटलं असतं का गं?" बाकी काही नाही. काय उत्तर देऊ? वाटलं असतं म्हणावं तर तो तुटेल, नसतं म्हणावं तर आणखी एक सभा घेईल. दोन-तीनदा लिहून पुसलं आणि मग हे तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही ते कोणाला वाचून दाखवणार नाही.

आता एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहिते. हॉस्पिटलात तुम्ही सुई म्हणाला नव्हतात. तुम्ही दादाचं नाव घेतलंत, आणि थोड्या वेळाने म्हणालात, "कोरडी... कोरडी." तेवढंच. बाकीचं वाक्य माझं, तुमच्या उशाशी बसून लावलेलं, कारण मला तुम्ही तसेच हवे होतात. नर्स शेजारीच होती. ती म्हणाली, आजोबांची जीभ कोरडी पडलीय हो, आणि तिने चमच्याने तुमच्या तोंडात पाणी घातलं. तुम्ही ते प्यायलात, आणि पुन्हा काही बोलला नाहीत.