ऐनाच्या फांद्या आणि कंपनीचा धूर

बा, तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. तरी हे तुलाच लिहिते, कारण जित्या माणसांना ऐकायला वेळ नाही. उतारावरची ऐनाची झाडं आता आपली असून आपली नाहीत. दरसाल त्यांच्या फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या, जमिनीवर पसरून राब भाजायचा आणि त्या राखेत नागलीचं रोप टाकायचं, हे तूच शिकवलंस. पोर असताना मी एका झाडाचा शेंडाच उडवला, तर तू कोयता हिसकावलास. जेवताना एवढंच म्हणालास, "शेंडा ठेवायचा. त्यालाबी जगायचं हाय."

चार वर्षांमागे नाशिकहून कंपनीचा साहेब जीपने आला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून. म्हणाला, कारखान्याचा धूर आम्ही कमी करणार, नवी यंत्रं आणणार, पण त्याला वेळ लागेल आणि सगळा धूर काही जाणार नाही. तोवर तुम्ही ही झाडं राखा, मोकळ्या उतारावर आणखी लावा. ती जेवढा धूर गिळतील तेवढा आमच्या हिशेबातून वजा. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. मी म्हटलं, धूर तुमचा, तर राखण आमच्या गळ्यात कशाला? तो हसला. "आजी, हवा सगळ्यांची एकच असते."

कागद झाला. आता मे सरत आलाय. परवा सुनेने दोन झाडांच्या फांद्या उतरवल्या, शेंडा राखून. कंपनीने नेमलेला राखणदार धावत आला. आपल्याच भावकीतला. फांदी तोडायची नाही, राब जाळायचा नाही, असं कागदात आहे म्हणे. मी म्हटलं, तुझ्या कंपनीला सांग, एक दिवस भट्टी विझव, मीबी राब विझवते. तो म्हणाला, "काकू, वरून तपासायला येत्यात. माझाबी राब तसाच पडलाय." त्याच्यावर तरी किती ओरडायचं? गेल्या महिन्यात डोळे दाखवायला नाशिकला गेले, तेव्हा बसमधून त्यांची धुरांडी पाहिली. चालूच होती. यंत्रं अजून यायची आहेत म्हणे. इथे राबाशिवाय टाकलेलं रोप मागच्या साली पिवळं पडलं. सून म्हणते, यंदा नागलीचा नाद सोडा, दिंडोरीला द्राक्षबागेत जाऊ. तिला थांब म्हणायला माझ्याजवळ काही नाही.

हे पत्र पत्र्याच्या डब्यात राहील. एक गोष्ट पाड्यावर कोणाला ठाऊक नाही. कंपनीचा तो कागद मी वाचलाच नव्हता; त्यातली कचेरीची भाषा मला कळतच नव्हती. दुसरीपर्यंत शिकलेली म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओळींवरून बोट फिरवलं, ओठ हलवले आणि म्हटलं, ठीक हाय. मग सगळ्यांनी अंगठे दिले.