ताईची मुदतवाढ

८ एप्रिल

चि. ढमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या मावशीचं डोकं फिरलं आहे असं इथे एकदोघांना वाटायला लागलंय, तेव्हा तू तरी हे पत्र शांतपणे वाच.

आपल्या विद्यापीठाचं माजी विद्यार्थ्यांचं बातमीपत्र दर तीन महिन्यांनी येतं. शाळेत भूमिती शिकवत होते तोवर मला ते उघडायला सवड नव्हती. कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला बरं पडायचं. निवृत्त झाल्यावर परवा पहिल्यांदा वाचलं. कोण न्यायाधीश झालं, कुणाला जुळी नातवंडं झाली. आणि त्यातच तुझी आई. हवामान खात्यातल्या मोठ्या हुद्द्यावरून जूनअखेर निवृत्त होते आहे म्हणे, कायमची घरी परतणार आहे, आणि सध्या पोहायला शिकते आहे.

ढमे, तुझी आई बेटावरच्या वेधशाळेत रुजू व्हायला निघाली आणि होडी उलटली, तेव्हा तू बोबडं बोलत होतीस. तू तापाने फणफणली होतीस म्हणून भावोजी घरी थांबले आणि ओळख पटवायला मी गेले. अंगात मी विणलेला स्वेटर होता, डावी बाही आखूड असलेला. त्यानंतर मी सुया हातात धरल्या नाहीत. आणि हे लोक तिला पोहायला शिकवतात.

फळ्यांवरचे जुने अंक काढून पाहिले. बदल्या, बढत्या, गुडघ्याचं ऑपरेशन. तिच्या वर्गातल्या त्या पुढपुढे करणाऱ्या बाईने तर लिहिलंय की विमानतळावर तुझी आई भेटली, केस पिकलेत पण छान दिसते. संपादकाला फोन केला. तो मलाच समजावतो की बाई, त्या इतक्या जणांना भेटल्यात, गल्लत तुमचीच होत असेल. मी त्याला बजावलंय, पुढच्या अंकात तिचं नाव दिवंगतांमध्ये छापा, नाहीतर मी तिथे येऊन बसते.

हा चावटपणा कुणाचा, तुला काही अंदाज आहे का? भावोजींच्या कानावर यातलं काही घालू नकोस.

मावशी कितीही कडाडली तरी तिच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी


१७ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

संपादकाला दिलेला दम वाचून आधी हसले. मग हसू येईना. मावशी, ते बाबाच आहेत.

आई गेली त्या वर्षी विद्यापीठाचं कार्ड तिच्या नावाने आलं, सध्या काय करता ते कळवा म्हणून. बाबांच्याने खरं लिहवेना. त्यांनी लिहिलं, बदली झाली. मग दर वर्षी काहीतरी कळवत राहिले. मी कॉलेजात असताना मला हे कळलं. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस, नकाशा उघडून तिच्या बदलीची गावं निवडायचा. सगळी समुद्रापासून लांबची.

आता अडचण अशी की त्यांना हल्ली आठवत नाही. गेल्या वर्षापासून फार. बातमी आपणच पाठवली हे ते विसरतात आणि अंक आला की तिची खुशाली म्हणून वाचतात. जूनची वाट बघतायत. कपाटाचा अर्धा भाग रिकामा केलाय, दाराच्या कडीला तेल दिलंय, तिच्या मापाच्या सपाता आणवल्यात. पोहण्याचं मी विचारलं, तर म्हणाले की येताना वाटेत पाणी लागतं ना.

दिवंगतांत तिचं नाव छापलं तर ती गेल्याचं त्यांना नव्याने कळेल. मावशी, तेवढं थांबव. तुझ्या पाया पडते.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा असलेली,
ढमी


२ मे

चि. ढमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

थांबवलं. संपादकाला सांगितलं की गल्लत माझीच झाली. तो इतका गोड बोलला की फोन आपटावासा वाटला.

पण नुसतं थांबवून भागणार नाही. जून उलटल्यावर ते दाराशी कुणाची वाट बघणार? म्हणून मीच बातमी कळवली आहे की खात्याच्या आग्रहामुळे तिने दोन वर्षांची मुदतवाढ स्वीकारली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी माझ्याकडून खोटं बोलल्याबद्दल उभ्याने प्रार्थना म्हणवून घेतल्या होत्या, त्या सगळ्या लिहिताना आठवल्या. तरी वाक्य नीट लिहिलं, पूर्णविरामासह. पोहणं मात्र काढून टाकलं. पाणी बघितलं की तिचे पाय गार पडायचे.

तू वेळेवर जेवत जा. दोन म्हातारी माणसं सांभाळायची आहेत तुला.

तुझी काळजी करणारी, पण तसं न दाखवणारी,
मावशी


१९ जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

अंक आला. बाबांनी तुझं वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत मला सांगितलं की हे तिचं नव्हे, ती एका दिवसाचीही मुदतवाढ घेणार नाही. ही वाक्यं तिच्या धाकट्या बहिणीची आहेत, पट्टीने आखल्यासारखी. त्यांचं म्हणणं, ती निघालीच आहे, आपल्याला चकित करायला तिने बहिणीकडून हे असं छापून आणलंय.

आता ते खुर्ची टाकून दाराशीच बसतात. जिन्यात पावलं वाजली म्हणतात. दार उघडतात, रिकाम्या जिन्याला आत ये म्हणतात आणि एक माणूस आत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ दार उघडं धरतात. ती रुसून बाहेरच उभी आहे असं त्यांना वाटतं. जेवण तुटलंय.

तुला सांगायला लाज वाटते, पण हल्ली ते दार उघडतात तेव्हा मीही थोडी बाजूला सरकून उभी राहते.

काय करू ते सांग. राग असला तरी चालेल, पण लौकर लिही.

तुझी,
ढमी


२५ जुलै

चि. ढमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी येते आहे. गुरुवारी, दुपारच्या गाडीने, राहायलाच. इथलं घर शेजारणीवर सोपवलंय.

तुला कधी सांगितलं नाही, पण ताई म्हातारी झाली असती तर कशी दिसली असती हे मी रोज आरशात बघते. तेच कपाळ, तीच भुवई चढवायची सवय. विमानतळावर तिच्या त्या वर्गमैत्रिणीला भेटली ती बहुधा मीच. मान हलवून पुढे गेले होते. मला वाटलं, कुणी जुनी पालक असेल.

मी भावोजींना एकदा सांगेन की मी धाकटी. स्पष्ट, तोंडावर. दुसऱ्यांदा सांगणार नाही. त्यांनी काय ऐकायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. जेवायला मात्र मी बसवीन, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मे महिन्यातच दुकानातून सुया आणि लोकर आणली होती. स्वेटर होत आलाय. मोजून बघते तर पुन्हा डावी बाही आखूडच भरते. उसवत नाही. तशीच अंगात घालून येईन.

गुरुवारी जिन्यात पावलं वाजली की तू उठू नकोस. दार त्यांना उघडू दे.

भेटीअंती बाकीचं,
मावशी