काचेवरचं श्री

तीर्थरूप आईस, लेकाचा इथूनच वाकून नमस्कार.

मंगळवारी सकाळी आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायावरच्या गाठीचा काप तपासणीच्या काचेवर घेतला. मालकीण फार रडत होती, म्हणून काचेच्या कोपऱ्यात पेनाने बारीक श्री लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली मला गाठ साधी चरबीची दिसली. पण आम्ही वर्षभर शिकवलेल्या कॉम्प्युटरने काचेचा फोटो पाहून कॅन्सर सांगितला. सर्जन म्हणाले, “पाय काढू.”

तेव्हा माझं लक्ष त्या श्रीकडे गेलं. एरवी मी कॅन्सर झालेल्या जनावरांच्याच काचेवर श्री लिहितो. कोऱ्या काचेवर लिहून पाहिलं, तर तिलाही कॅन्सर.

याच कामाची शाबासकी मिळाली होती, म्हणून दुपारपर्यंत गप्प बसलो. मग मोठ्या मॅडमना सांगितलं.

“म्हणजे वर्षभर आपण याला देवाचं नाव ओळखायला शिकवलं?”

“हो मॅडम. त्यात मात्र तो एकदाही चुकला नाही.”

त्या हसल्या, मग लगेच सर्जनना फोन लावला.

कुत्र्याचा पाय शाबूत आहे. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायला नवे फोटो काढायचे म्हणून आज नऊशे काचा स्पिरिटने पुसल्या. प्रत्येक श्री पुसताना ते मनात म्हटलं. यापुढे श्री मनातच लिहीन.

तुझा,
धाकटा