तक्त्यातली चौथी ओळ

तीर्थरूप दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पाच अंगांवरच भागवतो. उरलेली तीन मनातून टेकली आहेत असं समजावं.)

इकडे सगळे ठीक. तुमची कंबर कशी आहे? ताई हिच्याशी फोनवर बोलते तेव्हा मी शेजारच्या खोलीत असतो, आणि दार लागत नाही, त्यामुळे कळलं की रोपवाटिका बंद करून तुम्ही आता दिवसभर शेजाऱ्यांच्या कुंड्यांना नावं ठेवता. ऐकून बरं वाटलं. आपण दोघं बोललो त्याला अकरा वर्षं आणि चार महिने झाले. चूक कोणाची होती हा विषय मी या पत्रात काढणार नाही, कारण उत्तर आपल्या दोघांनाही माहीत आहे.

पत्रास कारण आमचा मुकादम. लोकांच्या बागा आखून, लावून, राखून देण्याची माझी कंपनी तुम्हाला ऐकून माहीत असेलच. नऊ माणसं, एक टेम्पो, फोन घ्यायला ही, आणि बाकी सगळं मी. कोणाकडून न शिकता उभं केलेलं काम आहे, त्यामुळे नीट आहे. मुकादम पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. हात सोन्याचा, पण कड धरताना किंचित डावीकडे जातो. या महिन्याच्या सुरुवातीला त्याने एका दातांच्या डॉक्टरांकडे हिरवळीची गोल कड कापली. ती नऊ मिलिमीटर बाहेर होती. (मी तीन ठिकाणी मोजली.) संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती उकरून पुन्हा बसवली, यात कोणाला राग येण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, “मालक, अकरा वर्षं मी दिवसा बाग करतो आणि संध्याकाळी तुम्ही ती परत करता. मग मी नेमकं करतो काय?” महिनाअखेरीस चाललो, असं सांगून तो पाणी घालायला निघून गेला. बाकीचे आठ जण त्याच्या तोंडाकडे बघून काम करतात, माझ्या नव्हे, हे मला माहीत आहे. तो गेला की कंपनीत मी आणि टेम्पो उरणार, आणि टेम्पो चालवायलाही तोच आहे.

हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “धंदा कसा चालवावा हे शिकवणारी माणसं मिळतात हल्ली. एक निवडा.” मी म्हटलं, मला शिकवणार कोण? ती म्हणाली, “तेच तर निवडायचंय.”

मग मी रीतसर तक्ता आखला. तेरा रकाने. अनुभव, वेळ पाळणे, आवाज, अक्षर वगैरे, आणि बूट. (ज्याच्या बुटाचा तळवा स्वच्छ त्याला मातीतल्या धंद्यातलं काय कळणार?)

पहिल्या सल्लागाराची कचेरी नवव्या मजल्यावर. दारातच मोठं झाड, प्लॅस्टिकचं. एकवेळ प्लॅस्टिकचंही चालेल, पण एकाच फांदीवर दोन जातींची पानं! मी ती जातवार वेगळी करत होतो तेव्हा ते बाहेर आले. स्वभावाने सज्जन. त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, वाफ्याच्या कडेला, गुडघ्यांवर. ते म्हणाले, नाही, मोठा विचार करा. मी विचार केला आणि म्हटलं, मोठ्या वाफ्याच्या कडेला. यानंतर त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बुटाच्या रकान्यात शून्य.

दुसऱ्या बाई संगणकाच्या पडद्यावर बारा धंदेवाल्यांना एकत्र शिकवत. प्रत्येकाने आपला एक दोष मोकळेपणाने सांगायचा होता. बेकरीवाला म्हणाला, मला नाही म्हणता येत नाही. सायकलवाला म्हणाला, मी उधळ्या आहे. माझी पाळी आली तेव्हा मी मुकादमाचे चार दोष क्रमवार सांगितले. बाई गोड आवाजात म्हणाल्या, दादा, तुमचा सांगा. मी म्हटलं, हाच की असा माणूस अकरा वर्षं ठेवला. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. तेवढ्यात ही चहा घेऊन मागून आली आणि पडद्यावरच्या बारा जणांना उद्देशून म्हणाली, “यांना वेळ द्या, सांगायला लागले की थांबणार नाहीत.” मी संगणक मिटला.

तिसरे गृहस्थ मात्र पटण्यासारखे. फरशांचा कारखाना आयुष्यभर चालवून मुलीच्या हवाली केलेले. बुटाला चिखल होता (जुना, पण चिखल). कमी बोलले. म्हणाले, सात दिवस मुकादमाच्या कामाला हात लावायचा नाही, मग या. मी शब्दाचा पक्का माणूस. दाजी, मी सहा दिवस हात लावला नाही. सातव्या दिवशी पहाटे मी त्या डॉक्टरांच्या बागेत गेलो, ते फक्त बघायला. मुकादमाने कड पुन्हा आपल्या पद्धतीने केली होती. मी हात लावला नाही. मी कात्री लावली. स्वयंपाकघरातली, कारण बागेची कात्री घेतली असती तर ते काम ठरलं असतं. पोटावर आडवा पडून दीड मीटर नीट करून झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं. अंगणात कोणी माणूस पडलाय म्हणून त्यांनी आधी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग मुकादमाला. मुकादम आधी पोहोचला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आखणीची दोरी खिशातून काढली, खुंट्यांसकट माझ्या हातात ठेवली. म्हणाला, “मालक, शिकवणारा खुशाल निवडा. पण ज्याचं तुम्ही ऐकाल असा निवडा. तसा कोणी आहे का जगात? असेल तर मी थांबतो.” मी घरी येऊन हे सांगितलं. हिने कात्री धुतली, पुसली, खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, “आहे एक.” मी बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. त्यांना अर्ध्या तासापूर्वीच घातलेलं होतं.

असो. केवळ माहितीसाठी लिहिलं. उत्तराची घाई नाही. ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. १ : तक्ता सोबत जोडला आहे. तीन ओळी भरल्या होत्या, चौथी काल भरली. बूट : पैकीच्या पैकी. वेळ पाळणे : पैकीच्या पैकी. गोड बोलणे : शून्य. शेवटचा रकाना ‘ऐकावं लागतं’ असा आहे, त्यात नुसती बरोबरची खूण केली आहे. कुंपणाची तीच रांग तुम्ही मला तीनदा उपटायला लावली होती, ते ध्यानात धरून. ओळीवर नाव लिहिलेलं नाही. बघून कळेल, तेवढी एकच ओळ मी पेनने भरली आहे, बाकीच्या पेन्सिलने.

ता. क. २ : ती आखणीची दोरी तुमची आहे. तुमच्या रोपवाटिकेतलं काम सोडून निघालो त्या दिवशी माझ्या खिशात होती. मी स्वतः वळली असं मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो आहे. ‘तुमच्याकडे शिकण्यासारखं काही उरलं नाही’ असं त्या दिवशी म्हणालो होतो, तेव्हाही ती खिशातच होती.

ता. क. ३ : मुकादमाने विचारलंय, दाजी आले तर मालकांना केलेलं काम पुन्हा करायला लावतील का? मी म्हटलं, पहिल्याच दिवशी. तो सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे. रविवारी सकाळची गाडी बरी पडेल. उशी कमरेला सोसेल अशी पाहून ठेवली आहे.

ता. क. ४ : पाकिटावरचं तिकीट तिरकं बसलं आहे. हिने चिकटवलं. मी काढून पुन्हा लावलेलं नाही. (दोनदा हात गेला होता.)