मॉडची नवी जाळी

१४ मे, मंगळवार

मॉड पुन्हा चावली. उजव्या अंगठ्याला, नखाच्या मुळाशी. पाण्याचं भांडं उचलत होते, एवढाच माझा गुन्हा. पट्टी बांधून लिहितेय म्हणून अक्षर असं.

एकतीस वर्षं ती या घरात आहे. राखी पंख, गुलाबी छाती, डोळे लालसर — काकाकुव्यांत मादीचे डोळे असे असतात. दिसायला राणी. आणि एकतीस वर्षं मी तिच्या दृष्टीने उपरी! आल्फ हाक मारायच्या आधी ती त्याच्या खांद्यावर असायची. मी जवळ गेले की तुरा ताठ.

दुपारी जिलचा अ‍ॅडलेडहून फोन. "आई, तिला शेजारच्या आयव्हरकाकांकडे देऊन टाक ना. चौदा पक्षी आहेत त्यांच्याकडे, त्यात पंधरावा. तुझी बोटं तरी वाचतील."

मी म्हटलं, हिवाळा जाऊ दे, मग बघू.

पोरीला कसं सांगू? तिचा बाप गेला; आल्फचं या घरात जिवंत असं एवढंच उरलंय. चावतं, पण आहे.

१७ मे, शुक्रवार

आल्फ सकाळी तासभर पिंजऱ्यात असायचा. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, एका पाखरापायी तासभर! आता माझा सव्वा तास जातो.

पिंजरा म्हणजे खोलीच. पंधरा फूट लांब आणि उंची मात्र सातच. मी तेव्हा म्हटलं होतं, उंच कर की, शोभेल. तो म्हणाला, "थेल, पाखरू लांब उडतं. उंच पिंजरा माणसांना शोभतो." तेव्हा वाटलं होतं पत्रा वाचवतोय. आता रोज बघते — या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फटक्यांत जाते ती, आणि वळताना पोटाखालचा गुलाबी रंग असा काही उजळतो की हातातलं काम राहतं.

नैर्ऋत्येचा वारा लागू नये म्हणून त्या बाजूला पत्रा. पुढचा भाग आभाळाला उघडा. दारं दोन, एकामागे एक — पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाण्याचं भांडं दांडीपासून दूर, म्हणजे शीट त्यात पडत नाही. हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले! मी रोज घाण पाणी फेकत होते, कारण भांडं मीच 'सोयीच्या' जागी सरकवलं होतं. मुकाट्याने परत त्याच्या जागी ठेवलं.

दांड्या निलगिरीच्या. जाड, बारीक, वाकड्या, जशा असतील तशा. सारख्या गुळगुळीत दांडीवर बसून पायाला फोड येतात म्हणे. दर गुरुवारी नव्या फांद्या तोडून आणते — रस्त्याकडेच्या नाही, तिथे तणनाशक फवारतात. दोन दिवसांत साल सोलून जमिनीवर सुताराच्या दुकानासारखा कचरा करते. तो तिचा उद्योग. उद्योग नसला तर ती स्वतःची पिसं सोलते, असं पुस्तक म्हणतं.

सूर्यफुलाच्या बिया चमचाभरच. नाहीतर बाई दुसरं काही खाणार नाही. याबाबतीत ती आणि आल्फ सारखेच — त्याच्यापुढे बटाट्याचे काप ठेवले की कोबी तसाच.

२० मे, सोमवार

पहाटेच्या वादळात परसातल्या मोठ्या झाडाची फांदी पिंजऱ्यावर पडली. पश्चिमेच्या कोपऱ्यातली जाळी फाटली, दोन फूट. मॉड शाबूत. टॉवेल टाकून पकडली आणि धुण्याच्या खोलीत लहान पिंजऱ्यात ठेवली. मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आल्फचे गोदीवरचे दोस्त शिकवून गेलेत.

जाळी हवी. आल्फची होती — मागच्या कुंपणाला टेकवून ठेवलेली दोन भेंडोळी. कायम पावसात. मी किती बोलले त्याला त्यावरून! "माणूस नवी वस्तू आणतो ती छपरात ठेवतो. तू बाहेर कुजवतोस." तो नुसता "असू दे गं" म्हणायचा. मळकी, राखेच्या रंगाची झाली होती. मार्चमध्ये परस साफ केला तेव्हा गावाच्या कचऱ्यात पाठवून दिली.

उद्या काडिनाला जाऊन नवी आणते.

२३ मे, गुरुवार

लावली! एकटीने. आयव्हर ब्रोकन हिलला बहिणीकडे गेलाय, तीन आठवडे. असता तर बोलावलं असतं त्याला. नव्हता तेच बरं झालं. तार कापायला, पिळायला मला येतं हे मलाच माहीत नव्हतं. बोटं सोलली, पण कोपरा असा चांदीसारखा चमकतोय की रस्त्यावरून दिसावा.

मॉडला सोडलं तशी ती थेट नव्या जाळीकडे गेली. तारेच्या गाठी एकेक करून चोचीत धरून बघत बसली, जिभेने चाटत. आवडलेली दिसते. पसंतीची पावती समजते मी.

२८ मे, मंगळवार

पाऊस. मॉड जाळीच्या छताला उलटी लोंबकळली, पंख पसरून, चोच उघडी, अंगभर पाणी घेत. आणि ओरडत! पलीकडे तारेवर बसलेले चाळीसेक रानातले काकाकुवे, तेही उलटे लोंबकळून ओरडत होते. दारू प्यायल्यासारखे सगळे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसले. ओव्हनमधली बटाटा-मटणाची पेस्टी करपली. करपलेलीच खाल्ली.

५ जून, बुधवार

आज मॉड चावली नाही. पाण्याचं भांडं उचललं, जागेवर ठेवलं, ती बघत राहिली. पुन्हा मुद्दाम हात तिच्या पायाजवळून नेला. काही नाही.

आल्फ गेल्यापासून चौदा महिने लागले. पण जमलं म्हणायचं.

७ जून, शुक्रवार

जमलं वगैरे काही नव्हतं.

सकाळी गोळा होऊन बसलेली. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. पाणी सारखं पितेय. खाल्लेलं मान झटकून चहूकडे उडवलं. शीट हिरवी, पातळ. पुस्तक काढलं — पक्षी आजार लपवतो, अगदी लपवता येईनासा होईपर्यंत. म्हणजे परवा चावली नाही ते माझ्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. चावायची ताकद नव्हती. आणि मी खुशीत झोपले होते.

आयव्हर दुपारी परत आला. बॅगसुद्धा न उतरवता कुंपणावरून आला. आधी मॉडकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे.

"ही कधी लावलीस?"

"दोन आठवडे झाले."

"धुतलीस?"

"जाळी कोण धुतं, आयव्हर?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाला, "जस्ताचा मुलामा असतो गं तिच्यावर. नव्या तारेवर त्याची पूड असते, गाठींवर थेंब असतात. पाखरं चाटून खातात. व्हिनेगर आणि ताठ ब्रश घेऊन घासायची असते. नाहीतर दोन हिवाळे पावसात टाकून द्यायची. चकाकी गेली की मग लावायची."

मी कोपऱ्यातल्या चमकत्या गाठींकडे बघितलं.

"आल्फने तर मला शिकवलं हे," तो म्हणाला. "त्याची भेंडोळी होती ना कुंपणाला? ती का नाही—" आणि माझा चेहरा बघून थांबला. "चल. गाडी काढतो. काडिनाची जनावरांची डॉक्टर सहापर्यंत असते."

८ जून, शनिवार

डॉ. फॅम, तरुण बाई, हात अगदी शांत. एक्स-रेत पोटात पांढरे कण दिसले, तीळ सांडल्यासारखे. जस्तच. तिथेच ठेवून घेतलं, दिवसातून दोन इंजेक्शनं. वजन २५८ ग्रॅम. तिचं नेहमीचं तीनशे दहा, आल्फच्या वहीत दर महिन्याला लिहिलेलं आहे.

"वाचेल का?" मी विचारलं.

"मिसेस पास्को, आज सांगितलं तर तो अंदाज होईल. चार दिवसांनी सांगेन."

खोटी आशा दिली नाही, म्हणून मला ती आवडली.

९ जून, रविवार

आयव्हर स्वतःचं भेंडोळं घेऊन आला. मळकं, राखाडी. तसलंच, ज्याला मी इतकी वर्षं भंगार म्हटलं. माझी चांदी उचकटून काढली.

"हे बघ," मी म्हटलं, "एकदा बोल मला. म्हणजे सुटेन."

"काय बोलू? गाठी चांगल्या पिळल्यास. माझ्यापेक्षा बऱ्या."

"आयव्हर!"

"माझा पहिला जोड असाच गेला, थेल. राजकन्या जातीचे पोपट होते दोन. नवी कोरी जाळी, मीच लावलेली. नऊ दिवसांत. आल्फने तुलासुद्धा सांगितलं नाही माझं. तुला ठाऊक नव्हतं ना?"

नव्हतं. आल्फ दुसऱ्याची चूक घरी आणत नसे. आणि सहा वर्षं मी कुंपणापाशी उभी राहून त्याला आळशी म्हटलं, तर स्वतःची बाजूही त्याने मांडली नाही. मांडायला हवी होती! पुस्तकं मी वाचायची आणि शहाणपण ह्याने न सांगता ठेवायचं, हा कसला संसार.

संध्याकाळी खूप रडले. लिहून ठेवते, लपवायचं कोणापासून.

१२ जून, बुधवार

मॉड घरी. "आता सांगते," डॉ. फॅम म्हणाली, "शक्यता बरी आहे. बाकी तुमच्या हातात." दिवसातून दोनदा औषध, चोचीच्या कडेने सिरिंजने. तीन आठवडे.

आयव्हरने धरायला शिकवलं. टॉवेल पाठीमागून, मान दोन बोटांत, छाती अजिबात दाबायची नाही — त्यांचा श्वास छातीवर चालतो. "घट्ट नको. पण घाबरत तर मुळीच नको. तिला कळतं."

"मला आता हिची भीती नाही वाटत," मी म्हटलं. "हिच्या मरणाची वाटते."

"तीही तिला कळते. चल, धर."

एवढंसं अंग. टॉवेलमधून हृदयाचे ठोके बोटांना लागतात, मोजता येत नाहीत इतके भराभर. वादळाच्या पहाटेची झटापट सोडली, तर एकतीस वर्षांत मी तिला आज पहिल्यांदा हातात घेतलं.

१६ जून, रविवार

राळ्याचे आठ दाणे. स्वतःहून. २६१.

२१ जून, शुक्रवार

धुण्याच्या खोलीत दिवा लावून ऊब ठेवलीय. मी तिथेच खुर्ची टाकून वाचत बसते, मोठ्याने. पक्ष्यांचं पुस्तक संपलं — वाचनालयात तीनदा मुदत वाढवून घेतली — म्हणून आता नकाशांचं वाचते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हापासून मी मोठ्याने कोणापुढे वाचलेलं नाही, अडखळते म्हणून. मॉडला अडखळण्याचं काही नाही. ती मान कलती करून ऐकते आणि पान उलटायच्या आवाजाला तुरा हलवते.

हे पाखरू मी इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. दाणा पायाने उचलते तो नेहमी डाव्या. सोललेली साल जिभेने इतक्या झटपट बाहेर ढकलते की टपाल खात्याने शिकावं. औषध कडू असावं, अंग थरथरतं, पण सिरिंज दिसली की स्वतःच चोच उघडते. माझ्यात एवढी हिंमत नाही.

३० जून, रविवार

२८८! शीट नीट. औषधाचे तीनच दिवस उरले.

११ जुलै, गुरुवार

चावली!! उजव्या हाताला, चांगलं रक्त येईपर्यंत. तेवढ्यात जिलचा फोन.

"आई, तू हसतेयस का रडतेयस?"

"मॉड चावली."

"मग?"

"मग काय! चावली. कडकडून."

जिल म्हणाली, "अ‍ॅडलेडला येऊन चार दिवस राहतेस का?" तिला वाटतंय माझं डोकं फिरलंय.

२८ जुलै, रविवार

मॉड मोठ्या पिंजऱ्यात परत. ३०४. आयव्हर बायकोने दिलेला केक घेऊन बघायला आला होता. सोडल्यावर ती पाच मिनिटं दांडीवर बसून राहिली, आणि मग निघाली — पंधरा फूट, वळण, परत पंधरा फूट. आम्ही दोघं म्हातारी तोंड उघडं टाकून बघत उभी.

"नीट केलंस तू," आयव्हर म्हणाला. "आता नेऊ का हिला माझ्याकडे? हिवाळा संपत आला. जिल विचारत होती मला."

"ती मला काही जवळ करत नाही, हे खरं आहे."

"मी ते नाही विचारलं."

मी म्हटलं, विचार करते. त्याने केक कापला. खरं सांगायचं तर विचार केला तोही मॉडच्या बाजूने. तिथे चौदा पक्षी. इथे एक बाई, जिने तिला जवळजवळ मारलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी फांदी बांधत होते. मॉड दांडीवरून सरकत आली, मान खाली-वर, खाली-वर केली, आणि माझ्या बोटावर ओकली. पुन्हा जस्त? तशीच धावत आत येऊन आयव्हरला फोन लावला.

"मान झटकून चहूकडे उडवलं, की एका जागी ठेवलं?"

"ठेवलं. बोटाच्या पेरावर. मग माझ्याकडे बघत बसली."

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "थेल, हा आजार नव्हे. असं पोटातलं ती फक्त जोडीदाराला भरवते. इतकी वर्षं आल्फला भरवायची. आणि जोडीदार एका वेळी एकच."

फोन ठेवला. बोट अजून पुसलेलं नाही.

म्हणजे तिने आल्फला जाऊ दिलं. मला जमायच्या आधी.