आढ्यावरचं झाड

मंगळवार, १२ मे

प्रिय स्टाने भावोजी,

तुम्ही बरे असाल. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे मी ठीक आहे. नासपतीला यंदा मोहोर चांगला आला होता, पण मध्येच गारठा पडला आणि निम्मा गळून गेला. फिरत्या वाचनालयाची गाडी आता नव्या पुलापाशी थांबते, त्यामुळे पुस्तकांसाठी मला चढ चढावा लागत नाही.

एकाच खोऱ्यात राहून ही पत्र कसलं लिहिते, असं तुमच्या मनात येईल. समोर आले की तुम्ही विनोद करता, मग कॉफी येते आणि माझं बोलणं राहूनच जातं. कागद मला हसवत नाही, म्हणून लिहिते.

नेझा काल शाळेतून आली ती उड्या मारतच. शुक्रवारी पाहुण्यांसमोर आढ्यावर झाड लावायचा मान तुम्ही तिला दिलात म्हणे. पोर्तुगाल, फिनलंड, पोलंड, लिथुआनिया, सगळीकडचे मास्तर आणि मुलं येणार. शाळेच्या अंगणात तुमच्या सुतारकामाच्या मुलांनी बांधलेलं नवं छप्पर, त्यावर स्प्रूसच्या झाडाचा शेंडा, त्याला रंगीत फिती. पोरीने बापाची, पाव्लेची, जुनी टोपीसुद्धा पेटीतून काढली. मी म्हटलं, छान. मग विचारलं, सुरक्षेचा पट्टा कुठला घालणार? ती म्हणाली, "आई, झाडाला पट्टा नसतो. काका म्हणाला, दोर कामाला असतो."

भावोजी, त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

पाच देशांतल्या शाळांनी मिळून कामाच्या जागची सुरक्षितता शिकवायची, प्रत्येक शाळेने एकेका धोक्याचा धडा तयार करायचा, आपल्या वाट्याला उंची आली. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण पालकांना वाटलेलं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. बाकीच्या आयांनी त्यावर गरम भांडी ठेवली. पुस्तक चांगलं आहे. तुमचा धडा तर फारच चांगला. शिडी कशी टेकवावी, दोर कशाला बांधावा, वाऱ्यात काम कधी थांबवावं, सगळं आहे. गेल्या शरदात नेझा फिनलंडच्या शाळेत राहून आली तेव्हापासून मी नासपतीची छाटणी करायला चढले तरी ती शिडीचे पाय तपासते. हे तुम्ही लोकांनी तिला दिलं, मी नाकारत नाही.

पण त्या धड्यात झाडाचं पान नाही. शुक्रवारच्या कार्यक्रमात वासे चढवणं 'प्रात्यक्षिक' या मथळ्याखाली आहे आणि झाड 'परंपरा' या मथळ्याखाली, नाच आणि अकॉर्डियनच्या मध्ये. छप्पर तेच, उंची तीच, पोरगीही तीच. फक्त मथळा बदलला की जमीन मऊ होते का?

आपल्याकडे असंच चालत आलंय, मला माहीत आहे. शेवटचा वासा बसला की सुतार पट्टे सोडतात, मालक दारू काढतो, लिकोफची, काम पुरं झाल्याची, जेवणावळ मांडली जाते आणि एकजण झाड घेऊन वर जातो. काम संपलेलं असतं. पाव्ले पडला तेव्हा तपासायला आलेल्या साहेबानेही तेच लिहिलं: काम संपल्यानंतर, समारंभात. म्हणून तो कामावर मेला असं कुठेही म्हटलेलं नाही. सुतार होता, छपरावर होता, हातात हातोडा होता, आणि तरी कामावर नव्हता.

त्या दिवशी खालून काय ओरडलं गेलं, ते तुम्हाला आठवत असेलच. मी इथे लिहीत नाही.

नेझाला पट्टा घाला. नाहीतर झाड दुसऱ्या कोणाला द्या, आणि त्यालाही पट्टा घाला. एवढंच मागते.

तुमची वहिनी,
तिल्का

रविवार, १७ मे

स्टाने भावोजी,

तब्येतीची चौकशी या वेळी करत नाही.

माझ्या पत्राला तुम्ही पत्राने उत्तर दिलं नाहीत. पोरीबरोबर निरोप धाडलात. झाड हा सण आहे, धडा नाही, वहिनीने उगाच घाबरू नये, पाहुणे सकाळभर दोरच बघणार, त्यांना एक तरी फोटो आपल्या आजोबांच्या काळातला मिळू दे. नेझाने तो निरोप हसत सांगितला. तिला तुमचं सगळंच पटतं. बाप गेल्यावर तिला सायकल तुम्ही शिकवलीत, रंधा हातात तुम्ही दिलात. म्हणून तर मी इतकी वर्षं तोंड मिटून होते. तुमच्यावर दया म्हणून नव्हे. बाप गेलेल्या पोरीचा काकाही काढून घ्यायचा, हे माझ्याने होईना.

शुक्रवारी तुम्ही मला पाहिलंत तेव्हा तुमचा चेहरा उतरला. मी अक्रोडाचा गोड पाव, पोटित्सा, घेऊन आले होते, बाकीच्या बायकांसारखीच. मुख्याध्यापिका कोरेनबाईंनी ती माझ्या हातून घेतली, पाहुण्यांशी ओळख करून दिली, नेझाची आई म्हणून. अकॉर्डियन सुरू झालं. नेझा खांद्यावर झाड घेऊन शिडीकडे निघाली, डोक्यावर पाव्लेची टोपी, अंगावर पट्टा नाही. ज्या मुलांना तुम्ही सकाळी एकेक बकल ओढून दाखवलं होतं, ती सगळी टाळ्या वाजवत होती.

मी जाऊन शिडी धरली. तुम्ही हसत हसतच जवळ आलात आणि दातांतल्या दातांत म्हणालात, "वहिनी, पाहुण्यांसमोर नको."

मी म्हटलं, "पाहुण्यांसमोरच. घरात तुम्ही ऐकत नाही."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही जमिनीकडे बघत होतात, म्हणून सांगते. मी आवाज चढवला नाही. अग्निशामक मंडळाच्या इमारतीवर माझा नवरा झाड ठोकत होता, त्याच्या कमरेला दोर होता, एवढं सांगितलं. खालून त्याचा भाऊ ओरडला, "पाव्ले, काम संपलं की! गाईसारखा बांधून घेऊन काय उभा आहेस? सोड तो दोर आणि ये प्यायला!" सगळे हसले, हेही सांगितलं. पाव्ले हसला, हेही. त्याने एका हाताने दोराचा आकडा सोडला. आणि तो भाऊ आज या शाळेत उंचीवरची सुरक्षितता शिकवतो, हे सांगितलं.

भाषांतर करणारी ती तरुण मास्तरीण निम्म्यावर थांबली. तिला वाटलं, हे घरगुती भांडण आहे, परक्यांना कशाला. फिनलंडच्या मास्तरांनी तिला म्हटलं, पुढे सांगा. मग तिने सगळं सांगितलं. अकॉर्डियनवाला उगाच भाता दाबत उभा होता.

नेझा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. ती खाली उतरली. तुमच्यासमोर येऊन तिने विचारलं, "काका, तू म्हणालास असं?"

तुम्ही म्हणालात, "सगळेच म्हणत होते, नेझा. असंच म्हणतात."

मला संताप आला तो तिथे. ओरडलात त्याचा राग मी केव्हाच केला आणि गिळला. तो दिवस तसा होता, सगळ्यांच्या जिभा सैल होत्या, तुमचं त्याच्यावर प्रेम होतं. पण पोर समोर उभी राहून विचारते, आणि तुम्ही 'सगळेच' म्हणता! एकच आवाज होता, भावोजी. मी तुमचा आवाज ओळखते. तुमच्या भावासारखाच आहे तो.

आता मला कळलंय की तुम्ही झाडाला दोर का लावू देत नाही. परंपरा, आजोबा, फोटो, ही सगळी वरची माती. झाड लावतानाही दोर हवा असं एकदा मान्य केलंत, तर त्या दिवशीही हवा होता असं होतं. मग तुमचं ते वाक्य गंमत राहत नाही. त्या एका वाक्याला सांभाळण्यासाठी तुम्ही माझी मुलगी बिनदोराची वर पाठवत होतात. यापेक्षा कडू मी काही लिहू शकत नाही, आणि यातला शब्दही मागे घेत नाही.

नेझा पट्टे टांगलेल्या खुंटीपाशी गेली, तिने आपला पट्टा घातला, बकलं ओढून पाहिली आणि वर गेली. तुमच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. झाड ठोकलं, थोडं वाकडं. कोणी टाळी वाजवली नाही, सगळे नुसते वर बघत होते.

इतकी वर्षं मी सांगितलं नाही म्हणून ती माझ्यावरही रागावलीय. तिचा राग मला कबूल आहे. घरी आल्यावर मी विचारलं, एवढं झाल्यावर वर गेलीस कशाला? ती म्हणाली, "बाबांचं अर्धवट राहिलं होतं ना."

आज सकाळी तिने कोरेनबाईंना फोन केला. पाची शाळांचं पुस्तक पुन्हा छापायला जाणार आहे, त्याआधी उंचीच्या धड्यात झाडाचं पान घालायचं ठरलंय. फिनलंडवाल्यांनीही तेच मागितलं. बाई म्हणाल्या, मसुदा आम्ही करू. नेझा म्हणाली, नको, ते काकाने लिहायचं. उद्या ती शाळेत येणार नाही. तुमच्या कार्यशाळेत ती पान वाचल्यावरच पाऊल टाकेल, असं तिने मला तुम्हाला कळवायला सांगितलंय. ती वर्ष घालवेल पण येणार नाही, तुम्ही तिला ओळखता.

म्हणजे आता तुम्हाला लिहायचं आहे. झाड ठोकताना दोर का सोडू नये, एवढंच लिहून भागणार नाही, ते कोणीही लिहील. त्या दिवशी खालून काय म्हटलं गेलं ते लिहा, आणि कोणी म्हटलं तेही. पाव्लेचं पूर्ण नाव लिहा, सुतार म्हणून लिहा, आणि तो कामावर असताना गेला असं लिहा. साहेबाने लिहिलं नाही, तुम्ही लिहा. खाली आपली सही करा. मुलं ते वाचतील, पोर्तुगालची, पोलंडची, आपलीही. ती तुमच्यावर हसणार नाहीत. कदाचित त्यांच्यातला एकजण पुढे कधी खाली उभा राहून ओरडायला तोंड उघडेल आणि मिटेल.

क्षमा मागायला माझ्या दारात येऊ नका, अजून नाही. आधी पान पाठवा. मी वाचीन. एक शब्द इकडचा तिकडे असला तरी मला कळेल, मी तिथे होते.

पाव्लेची बायको,
तिल्का