एकट्या दीर्घिकांचं वय

सांगवी, रविवार संध्याकाळ

माझ्या प्रबंधात चूक सापडली आहे. विरळ अवकाशातल्या एकट्या लंबवर्तुळाकार दीर्घिका गर्दीतल्यांपेक्षा तरुण असतात, त्यांच्यात तारे उशिरापर्यंत जन्मतात, असं मी लिहिलं. पण त्यातल्या कित्येक एकट्या नव्हत्याच. शेजारच्या अंधूक दीर्घिका माझ्याकडून मोजायच्या राहिल्या. पदवी तर मिळालीय. गप्प राहावं?

शेवटी वडिलांना सांगितलं. आबा मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते.

"कुणाला कळलंय?"

"अजून नाही."

"तुला तर कळलंय न्हवं?"

तिथंच बांधावर बसून मार्गदर्शक सरांना सगळं लिहून पाठवलं. त्या अंधूक शेजारणी डोळ्यांपुढून हलेनात.

आबांनी विचारलं, "मग त्यांचं खरं वय किती?"

"माहीत नाही, आबा."

एवढं शिकले, पण हे वाक्य त्यांच्यापुढं आज पहिल्यांदाच बोलले.